नाउरू आणि तुवालू : ऐकीव गोष्टी आणि खरा हिशेब

पॅसिफिक महासागरातल्या नाउरू आणि तुवालू या दोन देशांबद्दल आपल्याकडे जे काही छापून येतं, ते साधारण दोन वाक्यांत संपतं. नाउरू म्हणजे फॉस्फेटच्या पैशाने श्रीमंत होऊन उधळपट्टीने कंगाल झालेलं बेट, आणि तुवालू म्हणजे समुद्रात बुडत चाललेला, इंटरनेटवरचं ‘डॉट टीव्ही’ हे नाव विकून जगणारा देश. दोन्ही वाक्यांत थोडं तथ्य आहे. पण तेवढ्यावरच मत बनवलं, तर या दोन देशांचं अर्थकारण नेमकं उलटं कळतं.

तुलना करावी असे हे दोन देश आहेतच. नाउरू हे एकच बेट, २१ चौरस किलोमीटरचं. तुवालूची नऊ बेटं मिळून २६ चौरस किलोमीटर. वस्ती दोन्हीकडे दहा-बारा हजारांची. नाउरू ३१ जानेवारी १९६८ रोजी स्वतंत्र झाला, तुवालू १ ऑक्टोबर १९७८ रोजी. चलन दोघांचंही ऑस्ट्रेलियन डॉलर, मध्यवर्ती बँक दोघांनाही नाही. फरक आहे तो सुरुवातीच्या शिदोरीचा. स्वतंत्र झाला तेव्हा नाउरूकडे जगातल्या उत्तम प्रतीच्या फॉस्फेटची खाण होती. तुवालूची बेटं, म्हणजे तेव्हाची एलिस बेटं, १९७४ च्या सार्वमतानंतर गिल्बर्ट बेटांपासून वेगळी झाली, ती ब्रिटिशांच्या कडक अटींवर. दोन्ही बेटांच्या मिळून असलेल्या वसाहतीच्या फॉस्फेटच्या उत्पन्नात वाटा नाही, बाकीच्या मालमत्तेतही नाही. वाट्याला आलं एक जहाज.

तुवालू स्वतंत्र झाला त्या दिवशी कोणालाही विचारलं असतं तर दोघांचं भविष्य त्याने एका दमात सांगितलं असतं, आणि ते साफ चुकलं असतं.

गैरसमज : नाउरूचे लोक उधळे, म्हणून देश बुडाला

ही गोष्ट सांगणारे १९७० च्या दशकापासून सुरुवात करतात. ती १९०० पासून सांगायला हवी. पॅसिफिक आयलंड्स कंपनीच्या सिडनीतल्या कचेरीत दार उघडं राहावं म्हणून एक दगड लावलेला असे. नाउरूहून आलेला तो दगड म्हणजे अश्मीभूत लाकूड, अशी सगळ्यांची समजूत होती. आल्बर्ट एलिस या तरुण कर्मचाऱ्याने त्याची तपासणी केली आणि तो निघाला उंची दर्जाचं फॉस्फेट. बेट तेव्हा जर्मनीच्या ताब्यात होतं. १९०७ मध्ये पहिली खेप रवाना झाली. पहिल्या महायुद्धानंतर ब्रिटन, ऑस्ट्रेलिया आणि न्यूझीलंड या तिघांनी ‘ब्रिटिश फॉस्फेट कमिशनर्स’ ही संस्था काढून सगळा धंदा हातात घेतला. जमिनीच्या मालकाला सुरुवातीला टनामागे अर्धा पेनी मिळायचा. माल बाजारभावाने विकला जात नसे. तो जवळपास उत्पादनखर्चातच ऑस्ट्रेलिया आणि न्यूझीलंडच्या शेतकऱ्यांना जायचा. त्या दोन देशांची कुरणं हिरवीगार झाली त्यात नाउरूची जमीन आहे, हा काही अलंकार नव्हे. ती जमीन खणून, बोटीत भरून, तिकडच्या मातीत मिसळली आहे.

दुसऱ्या महायुद्धात जपानी लष्कराने १,२०० नाउरूवासीयांना ट्रुक बेटांवर नेलं. त्यांतले ७३७ जण ३१ जानेवारी १९४६ रोजी परतले. स्वातंत्र्यासाठी हीच तारीख निवडली गेली. १९६० च्या दशकात, बेट खणून संपल्यावर या लोकांचं काय करायचं, असा प्रश्न निघाला, तेव्हा ऑस्ट्रेलियाने त्यांना क्वीन्सलँडच्या किनाऱ्यालगतच्या कर्टिस बेटावर वसवण्याचा प्रस्ताव दिला. पण तिथे नाउरूवासी म्हणून सार्वभौमत्व मिळणार नव्हतं. नाउरूचे नेते हॅमर डीरोबर्ट आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी तो नाकारला. मग स्वतःच्याच बेटावरचा फॉस्फेटचा धंदा नाउरूने २ कोटी १० लाख ऑस्ट्रेलियन डॉलर मोजून विकत घेतला.

तेव्हा बेटाचा मधला भाग कसा झाला होता, हे डोळ्यांपुढे आणल्याशिवाय पुढचं समजत नाही. फॉस्फेट प्रवाळाच्या चुनखडीच्या सुळक्यांमध्ये साठलेलं असतं. ते खरवडून काढलं की उरतात नुसते करडे सुळके, काही ठिकाणी पंधरा मीटरपर्यंत उंच. त्यांच्यामधून चालता येत नाही, तिथे पेरता येत नाही, घर बांधता येत नाही. बेटाचा जवळपास ८० टक्के भाग आज असा आहे. लोक राहतात ते किनाऱ्यालगतच्या अरुंद पट्टीत. स्वातंत्र्यापूर्वी खणलेल्या भागाचं पुनर्वसन कोणी करायचं, या वादासाठी नाउरूने १९८९ मध्ये ऑस्ट्रेलियाला हेगच्या आंतरराष्ट्रीय न्यायालयात खेचलं. १९९२ मध्ये न्यायालयाने ऑस्ट्रेलियाचे बहुतेक प्राथमिक आक्षेप फेटाळले आणि १९९३ मध्ये तडजोड झाली : १० कोटी ७० लाख ऑस्ट्रेलियन डॉलर. दहा-बारा हजारांच्या देशाने बलाढ्य पालकाला कोर्टात नमवलं, हे नाउरूच्या उधळपट्टीच्या लेखांत कुठेच नसतं. मला ते या सगळ्या इतिहासातलं सर्वांत महत्त्वाचं पान वाटतं.

आता उधळपट्टीबद्दल. ती झाली, यात वाद नाही. फॉस्फेटचा पैसा ‘नाउरू फॉस्फेट रॉयल्टीज ट्रस्ट’मध्ये जात होता आणि १९९० च्या सुमारास त्याची मालमत्ता १०० कोटी ऑस्ट्रेलियन डॉलरच्या वर होती. मेलबर्नच्या कॉलिन्स स्ट्रीटवर १९७७ मध्ये ५२ मजली ‘नाउरू हाउस’ उभं राहिलं. एअर नाउरूची विमानं रिकाम्या खुर्च्या घेऊन पॅसिफिकभर उडत होती. १९९३ मध्ये लंडनमध्ये लिओनार्दो दा विंचीवर एक संगीतिका आली, तिला पैसा नाउरूचा. ती सपशेल पडली.

पण त्याच ट्रस्टमधून आणि फॉस्फेटच्या कमाईतून शहाणपणाची गुंतवणूकही झाली, आणि तिचा एक धागा थेट आपल्यापर्यंत येतो. ओडिशातली पारादीप फॉस्फेट्स ही कंपनी १९८१ मध्ये भारत सरकार आणि नाउरू प्रजासत्ताक यांच्या भागीदारीतून उभी राहिली. आपलं फॉस्फेट कच्चं विकण्यापेक्षा त्याचं खत बनवणाऱ्या कारखान्यात हिस्सा घ्यावा, हा विचार कोणत्याही खाणवाल्या देशाने करावा असाच होता. १९९३ मध्ये नाउरू त्यातून बाहेर पडला. आज हीच कंपनी गोव्यातल्या झुआरीनगरचा खत कारखाना चालवते. देश मूर्ख असता तर हा विचार त्याला सुचला नसता.

दोष होता तो ट्रस्टच्या रचनेत. विश्वस्त सरकारच्या मर्जीतले. हिशेब लोकांसमोर येत नव्हते. अंदाजपत्रकात खड्डा पडला की सरकार ट्रस्टची मालमत्ता तारण ठेवून कर्ज काढत होतं आणि कर्ज फेडायला पुन्हा कर्ज. परदेशी सल्लागार दलाली घेऊन भलत्या सौद्यांत पैसा घालत होते. मुद्दलाला हात लावण्यापासून सरकारला अडवणारा एकही नियम नव्हता. २००४ मध्ये धनकोंनी रिसीव्हर नेमले आणि नाउरू हाउस विकलं गेलं. २००५ च्या डिसेंबरात एअर नाउरूचं उरलंसुरलं एकमेव बोइंग जप्त झालं, आणि विमानाविना ते बेट अक्षरशः जगापासून तुटलं. फॉस्फेटचा पैसा उडवणारे मूठभर. तो नसल्याची शिक्षा भोगली ती सरकारी रुग्णालयातल्या परिचारिकांनी, शिक्षकांनी, ज्यांना त्या काळात वरपासून खालपर्यंत सारखाच तुटपुंजा पगार मिळत होता. ‘नाउरूचे लोक उधळे’ हे वाक्य या माणसांवर अन्याय करतं.

आणखी एका गटावरही. नाउरूच्या खाणीत कष्टाची कामं करायला किरिबाटी आणि तुवालूचे मजूर आणलेले होते. डेनिगोमोडू भागातल्या ‘लोकेशन’ नावाच्या चाळवजा वसाहतीत ते राहायचे आणि पैसे घरी पाठवायचे. खाण बसली तशी त्यांचीही मजुरी थकली. २००६ मध्ये त्यांना मोठ्या संख्येने मायदेशी पाठवलं गेलं, त्याचा खर्च तैवानने उचलला. म्हणजे नाउरूचं फॉस्फेट संपलं, तेव्हा तुवालूतल्या कितीतरी घरांची मनीऑर्डर बंद झाली. दोन देशांची तुलना करताना आपण त्यांना वेगवेगळ्या रकान्यांत मांडतो. त्यांचे संसार मात्र एकमेकांत असे गुंतलेले होते.

गैरसमज : तुवालू परकीय भिकेवर जगतो

तुवालूला मदत मिळते, आणि भरपूर मिळते. प्रश्न तिचं तो काय करतो हा आहे.

सुरुवातीला तुवालूही पोळला होता. स्वातंत्र्यानंतर लगेचच सरकारने पाच लाखांहून अधिक डॉलर कॅलिफोर्नियातल्या एका व्यावसायिकाच्या हवाली केले, टेक्सासमधल्या जमिनीत गुंतवून घसघशीत व्याज मिळेल या आशेवर. त्यावरून देशात मोठं वादळ झालं. तेव्हा तुवालूचे राज्यकर्ते जन्मतःच नाउरूच्या राज्यकर्त्यांपेक्षा शहाणे होते, असं मुळीच नाही.

ब्रिटन दरवर्षी तुवालूच्या अंदाजपत्रकातली तूट भरून देत असे. १९८० च्या दशकात तुवालूने देणगीदारांपुढे प्रस्ताव मांडला : दरवर्षी थोडं थोडं देत बसण्यापेक्षा एकदाच मोठी रक्कम द्या, आम्ही तिच्या उत्पन्नावर भागवू. जून १९८७ मध्ये करार झाला आणि ‘तुवालू ट्रस्ट फंड’ सुरू झाला. मुद्दल २ कोटी ७१ लाख ऑस्ट्रेलियन डॉलर. त्यात ब्रिटनचे ८५ लाख, न्यूझीलंडचे ८३ लाख, ऑस्ट्रेलियाचे ८० लाख, थोडे जपान आणि दक्षिण कोरियाचे, आणि तुवालूचे स्वतःचे १६ लाख. हे १६ लाख मला फार मोलाचे वाटतात. ज्याच्याकडे काही नव्हतं त्यानेही ताटात आपला घास घातला.

निधीचं कामकाज असं चालतं. दोन खाती आहेत. ‘अ’ खात्यात मुद्दल. ते परदेशी बाजारात व्यावसायिक व्यवस्थापकांमार्फत गुंतवलेलं असतं आणि ऑस्ट्रेलियातल्या महागाईच्या दराने त्याची किमान पातळी दरवर्षी वर सरकते. समजा, राखायची पातळी १०० आहे आणि महागाई ३ टक्के झाली, तर वर्षअखेर पातळी १०३. बाजारात निधी वाढून १०८ झाला असेल, तर वरचे ५ ‘ब’ खात्यात जातात. तेवढेच सरकारला वापरता येतात. निधी १०२ वरच अडकला, तर त्या वर्षी शून्य. ‘अ’ खात्यातून उचल घ्यायची सोयच ठेवलेली नाही. संचालक मंडळावर तुवालूबरोबर देणगीदार देशांचे प्रतिनिधी बसतात, वेगळी सल्लागार समिती दरवर्षी देशाच्या जमाखर्चावर आपलं मत देते, हिशेब तपासले जातात.

यातलं खरं कौशल्य ‘ब’ खात्यात आहे. चांगल्या वर्षी आलेली रक्कम लगेच खर्चून टाकायची नाही, तिथे साठवायची आणि वाईट वर्षी वापरायची. २००८ च्या जागतिक मंदीत ‘अ’ खात्याचं मूल्य पातळीखाली गेलं आणि काही वर्षं वरून एक डॉलरही आला नाही. त्या काळात सरकारला हात दिला तो आधी साठवलेल्या ‘ब’ खात्याने. १९९९ मध्ये अशाच धर्तीवर बेटांच्या ग्रामसभांसाठी वेगळा फालेकाउपुले निधीही उभा राहिला. मूळ निधी पुढे १० कोटींच्या वर गेला आणि नंतर त्याच्याही बराच पुढे. त्यात तुवालू सरकारने चांगल्या वर्षांत स्वतः घातलेले पैसेही आहेत.

परकीय प्रतिनिधी आपल्या पैशावर बसवणं हे स्वतंत्र देशाला शोभतं का, असा प्रश्न रास्त आहे. माझं मत असं की तुवालूने इथे आपल्याच भावी सरकारांपासून आपल्या पैशाचं रक्षण केलं, आणि त्यासाठी थोडी मान खाली घालायची तयारी दाखवली. नाउरूने मान ताठ ठेवून मुद्दल गमावलं. शंभर कोटींचा ट्रस्ट आटला आणि पावणेतीन कोटींचा टिकला, त्याचं कारण लोकांचा स्वभाव नसून ही कलमं आहेत.

गैरसमज : तुवालूची चूल ‘डॉट टीव्ही’वर पेटते

हे नाव तुवालूच्या वाट्याला योगायोगाने आलं; देशांच्या संक्षेपांची यादी करताना तुवालूला ‘टीव्ही’ ही दोन अक्षरं मिळाली. २००० च्या सुमारास एका अमेरिकन कंपनीशी १२ वर्षांत ५ कोटी अमेरिकी डॉलरचा करार झाला. त्या पैशातून तुवालूने संयुक्त राष्ट्रांच्या सदस्यत्वाचा खर्च उचलला आणि ५ सप्टेंबर २००० रोजी तो १८९ वा सदस्य झाला. राजधानी फुनाफुटीचे रस्तेही पक्के झाले. हक्क पुढे वेरिसाइनकडे गेले आणि २०२१ मध्ये गोडॅडीशी नवा करार झाला. या कराराची रक्कम वर्षाला सुमारे १ कोटी अमेरिकी डॉलर सांगितली जाते. एवढ्याशा देशाला ही रक्कम लहान नाही. पण सगळ्यात मोठं उत्पन्न तिथून येत नाही.

त्याआधीही तुवालूने अशीच काही ना काही दुकानं मांडली होती. टपाल तिकिटं संग्राहकांना विकून सुरुवातीच्या वर्षांत चांगला पैसा आला. अमाटुकूच्या नाविक प्रशिक्षण संस्थेत तयार झालेले तरुण जर्मन मालवाहू जहाजांवर खलाशी म्हणून गेले आणि त्यांच्या पगारावर घरं चालली. १९९० च्या दशकात देशाचा टेलिफोन कोड परदेशी कंपन्यांना अश्लील संभाषणाच्या सेवांसाठी भाड्याने दिला गेला. कमाई मोठी होती, पण चर्चला आणि लोकांना ती पटली नाही, आणि ती बंद झाली.

खरा पैसा ट्यूना माशात आहे. तुवालूचं सागरी आर्थिक क्षेत्र साडेसात लाख चौरस किलोमीटरहून मोठं आहे. नाउरूचं तीन लाखांच्या आसपास, म्हणजे जवळजवळ महाराष्ट्राएवढं. त्यात मासे धरायला परदेशी जहाजं येतात. पूर्वी ही जहाजं प्रत्येक देशाशी वेगळी घासाघीस करायची आणि धरलेल्या मालाच्या किमतीच्या पाचेक टक्क्यांवर सौदा तुटायचा. फेब्रुवारी १९८२ मध्ये नाउरू बेटावरच एक करार झाला, त्यालाच ‘नाउरू करार’ म्हणतात. आज पापुआ न्यू गिनी, सॉलोमन बेटं, किरिबाटी, मायक्रोनेशिया, मार्शल बेटं, पलाऊ, नाउरू आणि तुवालू असे आठ देश त्यात आहेत. २००७ पासून त्यांनी एकत्र येऊन दिवस विकायला सुरुवात केली. वर्षाला एकूण किती दिवस मासेमारी होऊ द्यायची हे ते आपसांत ठरवतात, दिवस वाटून घेतात, आणि जहाजवाल्याला एका दिवसाचा दर मोजावा लागतो. त्यासाठी किमान दर बांधला गेला, तो पाच हजार अमेरिकी डॉलरवरून आठ हजारांवर गेला. २०१० मध्ये सगळ्यांचं मिळून उत्पन्न ६ कोटी डॉलरच्या घरात होतं. काही वर्षांतच ते ५० कोटींच्या आसपास पोचलं. समुद्रातले मासे काही आठपट झाले नव्हते. विकणारे एक झाले होते.

नाउरूला दिवाळखोरीतून वर काढण्यात या कराराचा वाटा मोठा आहे आणि तुवालूच्या तिजोरीचाही हाच कणा आहे. नाउरूच्या नावाने उधळपट्टीची गोष्ट सांगतात. पॅसिफिकमधल्या सर्वांत यशस्वी आर्थिक एकजुटीला त्याच देशाचं नाव आहे, हेही सांगायला हवं.

गैरसमज : दरडोई उत्पन्न पाहिलं की कोण पुढे ते कळतं

जागतिक बँकेच्या यादीत नाउरू अलीकडे उच्च उत्पन्नाच्या गटात आहे आणि तुवालू उच्च-मध्यम. तर संयुक्त राष्ट्रांच्या यादीत तुवालू १९८६ पासून ‘अल्पविकसित’. उत्पन्नाच्या निकषावर तो या यादीतून बाहेर पडायला केव्हाच पात्र ठरला आहे, पण धक्के सोसण्याची ताकद इतकी कमी की बाहेर काढणं पुन:पुन्हा लांबणीवर पडतं. एकच देश एका कागदावर मध्यम श्रीमंत आणि दुसऱ्यावर गरीब.

मोजमापातही अडचण आहे. सकल देशांतर्गत उत्पादनात देशाच्या आत काय निर्माण झालं ते येतं. परदेशी जहाजाने दिलेलं मासेमारीचं शुल्क आणि परदेशी बाजारात गुंतवलेल्या निधीचं उत्पन्न त्यात नीट बसत नाही; ते राष्ट्रीय उत्पन्नात दिसतं. म्हणून तुवालूचं राष्ट्रीय उत्पन्न त्याच्या देशांतर्गत उत्पादनापेक्षा बरंच मोठं असतं, जे बहुतेक देशांत घडत नाही. शिवाय भागाकार दहा-अकरा हजारांनी करायचा. एखाद्या बंदराचं काम सुरू झालं की आकडा उसळतो, संपलं की आपटतो, आणि सामान्य माणसाच्या ताटात यातलं काहीच दिसत नाही.

गैरसमज : एवढासा देश चालवणं ते काय अवघड?

खर्च लोकसंख्येच्या प्रमाणात कमी होत नाहीत. धावपट्टी एकच लागते, पण ती पूर्ण लांबीची लागते. रुग्णालय, न्यायालय, हवामान खातं, संयुक्त राष्ट्रांतली कचेरी, बाहेरच्या बेटांना जाणारी बोट, हे सगळं दहा हजारांनाही लागतं. फुनाफुटीची धावपट्टी १९४३ मध्ये अमेरिकन सैन्याने बांधली, आणि त्यासाठी बेटावरची माती जिथून उचलली तिथे पडलेले खड्डे बुजायला २०१५ साल उजाडलं, तेही न्यूझीलंडच्या मदतीने. बेट इतकं अरुंद आहे की विमान नसताना संध्याकाळी मुलं याच धावपट्टीवर खेळतात.

बँकेचं उदाहरण घ्या. नाउरूची सरकारी बँक बुडाली, खातेदारांचे पैसे अडकले, आणि पुढे कित्येक वर्षं देशात एकही बँक नव्हती. पगार रोख मिळायचा आणि घरातच ठेवावा लागायचा. २०१५ मध्ये एका ऑस्ट्रेलियन बँकेची शाखावजा एजन्सी सुरू झाली तेव्हा कुठे लोकांना खातं उघडता आलं. तुवालूत राष्ट्रीय बँक कायम होती, पण पहिलं एटीएम बसलं ते एप्रिल २०२५ मध्ये. तोवर पैसे काढायचे तर बँकेच्या वेळेत रांग लावायची.

स्वतःचं चलन नसल्याची गोष्टही इथेच येते. नोटा छापता येत नाहीत, व्याजदर ठरवता येत नाही. तूट आली तर एक तर साठवलेलं काढा, नाही तर कोणाकडे तरी हात पसरा. तुवालूच्या ‘ब’ खात्याचं महत्त्व त्यामुळेच इतकं. आणि साठवलेलं काही उरलं नाही की देश काय काय विकायला काढतो, ते नाउरूने दाखवलं. १९९० च्या दशकात तिथे सुमारे ४०० परदेशी बँका निव्वळ कागदावर नोंदवल्या गेल्या. रशियाच्या मध्यवर्ती बँकेचा अंदाज असा की १९९८ मध्ये त्या मार्गाने ७,००० कोटी अमेरिकी डॉलर रशियाबाहेर गेले. २००० मध्ये आंतरराष्ट्रीय काळ्या यादीत नाव आलं, ते निघायला २००५ उजाडलं. राजनैतिक मान्यताही सौद्यात आली : तैवानकडून चीन २००२ मध्ये, पुन्हा तैवान २००५ मध्ये, पुन्हा चीन जानेवारी २०२४ मध्ये. तुवालू आजही तैवानबरोबर आहे.

२००१ मध्ये ऑस्ट्रेलियाने आपल्याकडे बोटीने येणाऱ्या निर्वासितांना नाउरूत ठेवायला सुरुवात केली. केंद्र २००८ मध्ये बंद झालं, २०१२ मध्ये पुन्हा सुरू झालं. त्याबदली शुल्क, नोकऱ्या, कंत्राटं आली आणि एका टप्प्यावर सरकारी उत्पन्नाचा फार मोठा हिस्सा त्यावरच उभा होता. २०२५ मध्ये झालेल्या नव्या करारात ऑस्ट्रेलियाने सुरुवातीलाच ४० कोटी ऑस्ट्रेलियन डॉलरहून अधिक देण्याचं कबूल केलं आहे. त्या केंद्रांत अडकलेल्या माणसांनी, त्यांत मुलंही होती, वर्षानुवर्षं जे सोसलं त्याची नोंद कोणत्याही राष्ट्रीय उत्पन्नात नाही. हा पैसा नाउरूने घेतला याचा मला राग येतो. पण पन्नासेक वर्षं बेट खणणाऱ्यानेच ते रिकामं बेट पुन्हा आपल्या सोयीसाठी भाड्याने घ्यावं, याचा त्याहून जास्त येतो.

गैरसमज : नाउरू संपला आणि तुवालू बुडणार, मग हिशेब कसला?

नाउरू संपलेला नाही. २०१४ मध्ये तिथे पहिल्यांदा पगारावर कर लागला. २०१५ मध्ये ‘नाउरू इंटरजनरेशनल ट्रस्ट फंड’ सुरू झाला, त्यात नाउरूबरोबर ऑस्ट्रेलिया, तैवान आणि आशियाई विकास बँक यांचा सहभाग होता. रचना तुवालूच्या वळणावरची : बाहेरचे प्रतिनिधी समितीत, आणि २०३३ पर्यंत उचल नाही. पहिल्या ट्रस्टमध्ये जे कलम नव्हतं, ते दुसऱ्याच्या पायात घातलं आहे. धोका आता वेगळा आहे. उत्पन्नाचे झरे तीनच, मासे, निर्वासित केंद्र आणि मदत, आणि त्यांतल्या दोघांची चावी ऑस्ट्रेलियाकडे. म्हणून नाउरू चौथा शोधतो. त्याने खोल समुद्रातल्या धातूंच्या गोट्या काढणाऱ्या कंपनीला पाठिंबा दिला आणि जून २०२१ मध्ये आंतरराष्ट्रीय समुद्रतळ प्राधिकरणाला नियम दोन वर्षांत पुरे करण्याची मुदत घातली. तुवालूनेही अशाच एका कंपनीला पाठिंबा दिला होता. २०२२ मध्ये तो मागे घेतला. एका खाणीने ज्याचं बेट पोखरलं, त्यानेच दुसऱ्या खाणीकडे वळावं, हे मला बघवत नाही, पण त्यामागची घाई समजते.

तुवालूच्या बुडण्याबद्दल लिहिताना सगळ्यांची लेखणी हळवी होते आणि आकडे मागे पडतात. ऑकलंड विद्यापीठातल्या संशोधकांनी २०१८ मध्ये तुवालूतल्या, छोटे छोटे तुकडे धरून, १०१ बेटांच्या किनाऱ्यांचा अभ्यास प्रसिद्ध केला. १९७१ ते २०१४ या काळात तिथली एकूण जमीन २.९ टक्क्यांनी वाढली होती, कारण लाटा वाळू आणि प्रवाळाचा चुरा आणून टाकतात. याचा अर्थ धोका नाही असा नव्हे. भरतीचं पाणी जमिनीतून वर येतं, गोडं पाणी आणि शेताचे खड्डे खारट होतात, आणि जमीन नकाशावर असूनही राहण्याजोगी उरत नाही. फुनाफुटीच्या किनाऱ्याला भर घालून सुमारे सात हेक्टर उंच जमीन नव्याने तयार केली आहे. २०१६ मध्ये आपत्तीसाठी ‘तुवालू सर्व्हायव्हल फंड’ सुरू झाला.

अर्थकारणाच्या दृष्टीने दोन प्रश्न जास्त तातडीचे आहेत. पहिला माणसांचा. नोव्हेंबर २०२३ मध्ये ऑस्ट्रेलियाशी झालेला फालेपिली करार ऑगस्ट २०२४ मध्ये लागू झाला. त्यानुसार वर्षाला २८० तुवालूवासीयांना ऑस्ट्रेलियात कायम राहण्याचा परवाना मिळतो. २०२५ मध्ये पहिली सोडत निघाली तेव्हा कुटुंबीयांसह आठ हजारांहून अधिक लोकांनी, म्हणजे देशातल्या बहुसंख्यांनी, नाव नोंदवलं. परिचारिका, शिक्षक, बोट दुरुस्त करणारा मेकॅनिक गेला, तर त्याची जागा कोणत्याही निधीच्या ‘ब’ खात्यातून भरता येणार नाही.

दुसरा प्रश्न कायद्याचा आहे. सागरी क्षेत्र किनाऱ्यावरून मोजतात. किनाराच गेला तर साडेसात लाख चौरस किलोमीटर पाणी कोणाचं, आणि त्यावरचे मासेमारीचे दिवस विकायचे कोणी? ऑगस्ट २०२१ मध्ये पॅसिफिक आयलंड्स फोरमच्या नेत्यांनी जाहीर केलं की एकदा ठरलेल्या सागरी सीमा समुद्राची पातळी वाढली म्हणून आक्रसणार नाहीत. २०२३ मध्ये तुवालूने राज्यघटना बदलून, जमीन राहो वा न राहो, आपलं राज्य कायम राहील असं त्यात लिहून घेतलं. आणि फालेपिली करारात ऑस्ट्रेलियाने ते मान्य केलं. सगळ्या देशांनी ते मानलं, तर फुनाफुटीत भरतीचं पाणी कुठवरही आलं, तरी ट्यूनाच्या जहाजाला दिवसाचा दर तुवालूच्याच तिजोरीत भरावा लागेल.